उड्डाणाच्या हेतूने

तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर चांगदेव नावाचे गाव आहे. तेथील हेमाडपंती बांधणीचे जुने देऊळ मुक्ताईनगरपासून फार लांब नाही, आणि मराठीच्या अभ्यासकाला तेथे जायला वेगळे निमित्त लागत नाही. वाघावर स्वार होऊन, हाती सर्पाचा आसूड घेऊन निघालेले चांगदेव आणि त्यांना सामोरी गेलेली चार भावंडांची भिंत, ही कथा घडल्याचे सांगतात ते आळंदीला. पण ज्या योग्याचा गर्व तीत उतरला त्याचे देऊळ आमच्या खानदेशात आहे. ज्या मुक्ताईला त्याने पुढे गुरू मानले ती शके १२१९ मध्ये विजेच्या लोळात दिसेनाशी झाली, तीही याच तापीकाठी. एदलाबाद हे तालुक्याचे जुने नाव जाऊन मुक्ताईनगर झाले ते तिच्यावरून.

या कथेतली एक गोष्ट कीर्तनात सहसा कोणी उलगडून सांगत नाही. भिंत उडाली नाही, ती चालली. चमत्कारच करायचा होता तर आकाशमार्ग मोकळा होता. तरी कथाकाराने वाहन जमिनीवरच ठेवले, आणि वाघावरच्या स्वाराला उतरायला लावले तेही जमिनीवरच. एरवी आपल्या परंपरेचे डोळे वर लागलेले असतात. पुष्पक विमान आठवावे, तुकोबांच्या वैकुंठगमनाची चित्रे आठवावीत. त्या चित्रांत खाली उभे राहिलेले लोक असतात खरे, पण चित्रकार त्यांचे चेहरे एकसारखे काढतो.

प्रस्तुत टिपण या खाली उभ्या राहिलेल्यांविषयी आहे. विषय तसा रुक्ष आहे: छोट्या विमानांची जमिनीवरची हाताळणी आणि तीत होणारे अपघात. साहित्याच्या पानावर त्याचे काय काम, असे वाचकांना वाटेल. आमचे म्हणणे असे की हा प्रश्न मुळात कथनाचा आहे. कोणत्या घटनेला अपघात म्हणायचे आणि तिची गोष्ट कोठून सुरू करायची, हा तो प्रश्न.

आरंभ घरच्याच उदाहरणाने करू. १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबाद मतदारसंघातून विधानसभेवर निवडून गेलेल्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या. २५ नोव्हेंबर २००९ रोजी, वयाची पंचाहत्तरी महिन्याभरावर आली असताना, त्यांनी पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई या लढाऊ विमानातून उड्डाण केले. त्या दिवसाचे छायाचित्र सर्वांच्या स्मरणात आहे. त्यानंतर जेमतेम वीस दिवसांनी, १५ डिसेंबरला, पुरीहून परतलेले त्यांचे हेलिकॉप्टर भुवनेश्वर विमानतळावर सुखरूप उतरले, आणि उतरल्यानंतर जमिनीवरून ठरलेल्या जागी नेले जात असताना त्याच्या फिरत्या पात्यांचा धक्का एका शेडच्या छपराला लागला. कोणालाही इजा झाली नाही. सुखोईत जे घडले नाही ते शेडजवळ घडता घडता राहिले. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला मुंबईत त्यांच्या ताफ्यातील एक हेलिकॉप्टर धावपट्टीवर उतरले ते नेमके एक प्रवासी विमान उड्डाणासाठी धावत असताना. वैमानिकाने वेळीच वेग आवरला. म्हणजे एका वर्षात राष्ट्रपतींच्या प्रवासात दोन गंभीर प्रसंग आले आणि दोन्ही जमिनीवर आले. आज विचारले तर लोकांना आठवते ते सुखोई.

हेलिकॉप्टरात राष्ट्रपती होत्या म्हणून शेडचे छप्पर निदान बातमीत आले. दोन आसनांचे शिकाऊ विमान हँगरच्या दाराला पंख घासते, किंवा ओढून नेण्याचा दांडा पुढच्या चाकाला तसाच राहून जातो आणि इंजिन सुरू होताच पंखा त्यावर आदळतो, तेव्हा ती गोष्ट त्या मैदानाच्या कुंपणाबाहेर फारशी जात नाही.

आता थोडे मागे, १७ डिसेंबर १९०३ या दिवशी जाऊ. किटी हॉकच्या वाळूत राइट बंधूंनी चार उड्डाणे केली. पहिले १२ सेकंदांचे, शेवटचे ५९ सेकंदांचे. पहिल्या उड्डाणाचे जगप्रसिद्ध छायाचित्र जॉन डॅनियल्स या माणसाने टिपले. तो जवळच्या जीवरक्षक केंद्रातला कामगार. त्याने त्यापूर्वी कॅमेरा कधी हाताळलेला नव्हता. छायाचित्रात उजवीकडे विल्बर उभा दिसतो. आतापर्यंत पंखाचे टोक धरून तो यंत्राबरोबर धावत होता, त्याने ते नुकतेच सोडले आहे. साहित्यातल्या मंडळींनी हे छायाचित्र पुन्हा एकदा पाहावे. उड्डाण करणारा ऑर्व्हिल त्यात पालथा, जवळजवळ ओळखू न येणारा आहे. पूर्ण दिसतो तो पंख सोडणारा.

चौथ्या उड्डाणानंतर विमान मूळ जागी आणून ठेवले. मंडळी बोलत उभी होती. वाऱ्याचा एक जोरदार झोत आला आणि रिकामे विमान उलटू लागले. डॅनियल्स ते धरायला धावला, लाकडी सांगाड्यात आणि तारांत अडकला, आणि यंत्राबरोबर गडगडत गेला. हाड मोडले नाही, पण खरचटून-ठेचकाळून तो बाहेर निघाला. विमान मात्र असे मोडले की ते पुन्हा कधीही उडाले नाही. जगातले पहिले विमान आकाशातून पडून संपलेले नाही. ते जमिनीवर, उभ्या जागी संपले. जाता जाता एक योगायोग: ऑर्व्हिल राइट वारला तो ३० जानेवारी १९४८ रोजी. आपल्याकडे त्या दिवशी दुसऱ्या कोणाच्या मृत्यूकडे पाहायला डोळेच नव्हते. डॅनियल्स त्याच्या दुसऱ्या दिवशी वारला.

डॅनियल्सला जे झाले तो अपघात होता की नाही? सामान्य मराठी बोलणारा माणूस क्षणाचाही विचार न करता 'होता' म्हणेल. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या करारात अपघातांच्या चौकशीविषयीचे जे परिशिष्ट आहे, जे प्रथम १९५१ मध्ये स्वीकारले गेले, त्याच्या व्याख्येप्रमाणे मात्र उत्तर 'नाही' असे येते. त्या व्याख्येचा आशय असा: उड्डाणाच्या हेतूने कोणी माणूस विमानात चढला तेथपासून अशी सर्व माणसे उतरेपर्यंत जे घडते, त्या कालावधीत विमानाच्या संबंधाने कोणी मेला वा गंभीर जखमी झाला, किंवा विमानाचे भारी नुकसान झाले, तर तो अपघात. आपल्याकडच्या चौकशीच्या नियमांनी याच व्याख्येचा सांगाडा घेतला आहे. किटी हॉकला सर्व माणसे उतरलेली होती, यंत्र रिकामे होते. म्हणून पहिल्या विमानाचा शेवट हा व्याख्येप्रमाणे विमान अपघात ठरत नाही.

व्याख्येला कालमर्यादा हवी हे आम्हांला मान्य आहे. सीमा न आखता कोणतीही चौकशी होऊ शकत नाही, आणि ही सीमा प्रवाशाला डोळ्यांपुढे ठेवून आखली गेली आहे. शिवाय नोंद होतच नाही असेही नव्हे. जमिनीवरच्या घटना कळवण्याच्या वेगळ्या रीती आहेत, कामगारांसाठी कामगारांचे कायदे आहेत. पण शब्दाची निवड पाहावी. गोष्ट सुरू होते ती 'हेतू'पासून, आणि हेतू उडणाऱ्याचा. दुरुस्तीनंतर इंजिनची चाचणी घेताना एखाद्या यांत्रिकाला फिरता पंखा लागला आणि त्या वेळी कोणाचाच उड्डाणाचा हेतू नसला, तर त्याचा मृत्यू त्या शब्दाच्या उंबरठ्याबाहेर राहतो. तोच पंखा, तोच घाव, पण आत बसलेल्याच्या मनात काय होते यावर नाव बदलते. कथनशास्त्र शिकवणाऱ्यांना याहून नेमके उदाहरण शोधून मिळायचे नाही.

उलट बाजूचीही उदाहरणे आहेत. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकेतील टेक्ससमध्ये एक तरुणी छोट्या विमानातून नाताळची रोषणाई पाहून उतरली, आणि अंधारात फिरत्या पंख्याकडे वळली. तिचा डावा हात आणि डावा डोळा गेला. इंजिन चालू होते, वैमानिक आपल्या जागी बसलेला होता. म्हणून अधिकृत चौकशी झाली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबईच्या विमानतळावर, छोट्या नव्हे तर प्रवासी जेट विमानाच्या इंजिनात एक तंत्रज्ञ ओढला गेला. जमिनीवरची माणसे बाजूला झाल्याची खात्री होण्याआधी विमान हलले होते. आत प्रवासी होते, म्हणून तोही अपघात ठरला. मरणारा जमिनीवरचाच, त्याला अपघाताचा दर्जा मिळाला तो आतल्यांच्या हेतूमुळे.

फिरता पंखा दिसत नाही. सारे भय या एका वाक्यात आहे. थांबलेला पंखा म्हणजे माणसाच्या उंचीची बोथट दिसणारी पट्टी, तिला टेकून फोटोही काढतात. इंजिन मंद चालत असले तरी तिच्या जागी नुसती धूसर हवा उरते. म्हणून छोट्या विमानाजवळ वावरण्याचा पहिला नियम असा की थांबलेला पंखाही फिरता समजावा. यामागे केवळ सावधगिरी नाही, यंत्राची रचना आहे. या इंजिनांना ठिणगी देणारा मॅग्नेटो बाहेरच्या विजेवर चालत नाही, तो स्वतःच्या फिरण्यातून वीज निर्माण करतो. तो 'बंद' करणे म्हणजे त्याची वीज तारेने विमानाच्या सांगाड्यात उतरवणे. कारागिरांच्या भाषेत 'अर्थ' करणे. ती तार कोठे तुटली असेल तर कळ 'बंद'वर असूनही मॅग्नेटो जिवंतच असतो, आणि कोणी सहज पंखा फिरवून पाहिला तरी इंजिन एक ठिणगी देऊ शकते. एक ठिणगी पुरते.

आणि एके काळी पंखा हातानेच फिरवावा लागे. जे. आर. डी. टाटांनी १९२९ च्या फेब्रुवारीत भारतातला पहिला वैमानिक परवाना घेतला त्या काळातली छोटी विमाने अशीच सुरू होत. एकाने आत बसायचे, दुसऱ्याने पंख्यासमोर उभे राहायचे. समोरच्याने पुकारायचे, 'स्विच ऑफ'. आतल्याने खात्री करून तेच शब्द परत म्हणायचे. मग पंखा एक-दोनदा सावकाश फिरवून इंधन आत ओढून घ्यायचे. मग पुकारायचे, 'कॉन्टॅक्ट', आणि आतून 'कॉन्टॅक्ट' असे उत्तर आल्यावरच, पाय घट्ट रोवून, पात्याला झटका देऊन शरीराचा तोल मागे, विमानापासून दूर जाईल असे सरायचे. पायाखाली चिखल नको, गळ्यात उपरणे नको, चाकांना अटकण हवी. ही सारी क्रिया म्हणजे दोन माणसांमधला संवाद आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द दोनदा उच्चारला जातो. आपल्याकडे पाठशाळेत वेद म्हणवून घेताना गुरूच्या मागे शिष्य तेच म्हणतो, ते शब्द बिघडू नये म्हणून. येथे हात तुटू नये म्हणून. एकट्या माणसाने, आत कोणी नसताना पंखा फिरवला आणि विमान त्याला मागे टाकून एकटेच धावत सुटले, अशा घटना जगभर घडल्या आहेत आणि अजूनही घडतात. पाहणाऱ्याला त्या विनोदी वाटतात, कोणी मध्ये येईपर्यंत.

टाटांच्या हवाई टपालसेवेची गोष्ट सांगताना आपण १५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस सांगतो: कराचीहून पस मॉथ निघाले, अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. पण अहमदाबादला त्या विमानासाठी पेट्रोल आले होते ते बैलगाडीतून, डब्यांत भरून. विमान आणि बैलगाडी शेजारी शेजारी उभी असल्याचे ते दृश्य आम्हांला त्या उड्डाणाइतकेच मोलाचे वाटते. डब्यातले पेट्रोल टाकीत ओतताना त्यात पाणी नाही ना हे पाहणारा कोणी होता. जुहूला ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेली एक शेड होती, दोन जुनी विकत घेतलेली विमाने होती, अर्धवेळ काम करणारा एक अभियंता आणि दोन उमेदवार यांत्रिक होते. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई, तेव्हा सारा कारभार पुण्याला हलवावा लागे. टाटा आणि नेव्हिल व्हिंटसेंट ही दोन नावे इतिहासात ठळक आहेत. उमेदवार यांत्रिकांची नावे सांगणारे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही.

महाराष्ट्रात या इतिहासाची चर्चा निघाली की ती हटकून शिवकर बापूजी तळपदे यांच्याकडे वळते. १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर त्यांनी विमान उडवल्याची कथा आहे. तिच्यावर २०१५ मध्ये हिंदी चित्रपटही निघाला. तिला अभ्यासकांचे समाधान होईल असा समकालीन पुरावा मिळालेला नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी तिचा संबंध जोडतात, त्यातली विमाने उडू शकणार नाहीत, असे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवून दिले. आम्हांला येथे वाद उकरायचा नाही. एवढेच विचारायचे आहे की पहिला कोण उडाला यासाठी शतकभर हिरिरीने भांडणाऱ्या आम्हां मराठी माणसांनी, वाळूत ते यंत्र धरून कोण उभे होते, हे कधी विचारले का? कथा खोटी असली तरी चांगल्या कथाकाराला हा प्रश्न पडायला हवा होता.

खानदेशाला आता हा विषय परका राहिलेला नाही. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, शिरपूरजवळ तांडे येथे आहे, जळगावला विमानतळ आहे. १९२८ मध्ये स्थापन झालेला बॉम्बे फ्लाइंग क्लब प्रशिक्षणासाठी धुळ्यापर्यंत आला, शिरपूरला वैमानिक घडवणारी संस्था उभी राहिली, आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले त्यांत जळगाव होते. ज्या आभाळाकडे आपण पावसासाठी पाहत आलो त्यात आता शिकाऊ विमाने घिरट्या घालतात.

दोन आसनांचे असे विमान रिकामे असता भरते पाचशे किलोच्या आसपास, म्हणजे एका चांगल्या बैलजोडीहून हलके. आणि वैशाख-ज्येष्ठातला आमच्याकडचा वळीव कसा असतो ते रावेर-मुक्ताईनगरच्या केळीवाल्याला विचारावे. घडाच्या ओझ्याने कललेल्या खोडाला त्याने बांबूचा टेकू दिलेला असतो, आणि तरी अर्ध्या तासात बागच्या बाग आडवी होते. केळ निदान मुळाने धरलेली असते. विमानाच्या पंखाचा आकारच असा की समोरून वारा आला की तो वर उचलला जाणार. वारा इंजिनाने निर्माण केला की आभाळाने, हे पंखाला कळत नाही. उड्डाणाचा हेतू त्याच्या घडणीतच आहे, कोणी चढण्याची तो वाट पाहत नाही. म्हणून उघड्यावर ठेवलेले छोटे विमान दोन्ही पंखांना आणि शेपटीला दोर लावून जमिनीतल्या कड्यांना बांधतात. काथ्याचा दोर असेल तर त्याला थोडी ढील ठेवावी लागते, कारण भिजल्यावर तो आखडतो आणि पंखालाच ओढ बसते. गोठ्यात दावे बांधणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही.

विमान बांधणे, अटकण लावणे, सकाळी निघण्यापूर्वी सभोवार फिरून हात लावून पाहणे, टाकीच्या तळातून कपभर पेट्रोल काढून त्यात पाण्याचा थेंब दिसतो का ते उजेडात धरून बघणे, वेग मोजणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारमाशीने मातीचे घर केले नाही ना हे तपासणे: या कामांना मराठीत नावे नाहीत. 'उड्डाण', 'भरारी', 'झेप', 'गगनविहार' अशी वरच्या कामांसाठी शब्दांची चैन आहे. विमान जमिनीवरून आपल्या चाकांवर हळूहळू नेणे या क्रियेला मात्र आपण 'टॅक्सी करणे' म्हणतो आणि पुढे जातो. परिभाषा समित्यांनी शब्द केले नाहीत असे नव्हे. पण जे काम करणाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या जात नाहीत, त्या कामाचे शब्द तोंडात रुळत नाहीत.

१६ जुलै २०२१ रोजी दुपारी शिरपूरच्या संस्थेचे एक शिकाऊ विमान जळगाव जिल्ह्याच्या चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. ही जमिनीवरची दुर्घटना नव्हती, व्याख्येच्या पुरती आतली होती. प्रशिक्षकाचा मृत्यू झाला, शिकाऊ वैमानिक मुलगी गंभीर जखमी झाली. आवाज ऐकून आधी पोचले ते आसपासचे आदिवासी. वर गाडी जाईल असा रस्ता नव्हता, स्ट्रेचर नव्हते. वृत्तपत्रांत आलेल्या हकिकतीनुसार एका बाईने आपल्या अंगावरचे लुगडे सोडून दिले, लोकांनी ते बांबूला बांधून झोळी केली, आणि पावसाळी चिखलातून त्या मुलीला खांद्यावर खाली आणले.

विमान अपघाताच्या चौकशी अहवालांचा साचा जगभर एकच आहे. आरंभी इजा झालेल्यांचा एक तक्ता असतो: कर्मचारी, प्रवासी आणि 'इतर'. जमिनीवरच्या माणसाला काही झाले तर तो या तिसऱ्या रकान्यात येतो. नंतर, बऱ्याच पुढे, जिवंत वाचण्याशी संबंधित बाबींचे एक कलम असते. पट्टे टिकले का, आसने जागेवर राहिली का, मदत केव्हा पोचली, हे त्यात लिहितात. लुगड्याची नोंद करायची तर ती त्या कलमात करता येते.